तोच माणूस पाठीवर घेऊन वाचवतो आणि तोच फसवतो, हे कसं समजून घ्यायचं?

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

नमस्कार मंडळी. इथं मी नेहमी वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. शिवणकाम करते. रात्री मशीन बंद करून फोनवर लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घरात हा विषय काढला की भांडण होतं, देवळात काढला तर बायका म्हणतात, "सोड आता, झालं गेलं."

2019 सालची गोष्ट. त्या वर्षी नागपंचमी सोमवारी, 5 ऑगस्टला होती. वारुळाला जायचं सोडून सगळा गाव नदीकडं बघत उभा होता. आमच्याकडं पाणी फक्त वरून येत नाही. कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, दूधगंगा तुंबली की आमची वेदगंगा मागं हटते. त्यामुळं पाणी खालच्या अंगानं, गटारीतनं, परड्यातनं गुपचूप वर चढतं. पुढच्या एकदोन दिवसांत हायवेसुद्धा यमगर्णीजवळ बंद झाला. माझा मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला, तो तिकडंच अडकला. मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 78, गुडघे संधिवातानं धरलेले.

चुलत दीर आले. आमचं घर सामाईक, मधे एक भिंत, पलीकडं ते आणि जाऊबाई. छातीएवढं पाणी होतं. त्यांनी आत्याबाईंना पाठीवर घेतलं आणि म्हणाले, "काकू, गळा घट्ट धरा. मी पडलो तरी सोडू नगासा." मारुतीच्या देवळापर्यंत नेलं, तिथून बोट. मी मागनं दोरी धरून चालत होते. मला अजून त्यांची मान दिसते, आत्याबाईंच्या हातांनी लाल झालेली.

आत्याबाईंनी घरातनं फक्त एक गाठोडं घेतलं होतं, घेवड्याच्या बियांचं. शाळेत आमचा मुक्काम होता. तिथं गाठ सोडली तर निम्म्या बियांना पांढरे कोंब फुटलेले. मी म्हटलं टाकून देते. त्यांनी फुटक्या टबात माती भरायला लावली आणि टोचल्या.

पाणी उतरलं तेव्हा घर उभं होतं. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाडीच्या. लोकांना वाटतं पाण्यानं घर पडतं. तसं नसतं. पाणी असतं तोवर तेच दोन्ही बाजूंनी भिंतीला धरून ठेवतं. पाणी गेलं, दोन दिवस ऊन पडलं, आणि भिंतीनं खालच्या बाजूला पोट काढलं. बोट जाईल एवढी भेग पडली. मग म्हैस बसते तशी भिंत बसली, फार आवाजही न करता. चुलीवरची फळी, आत्याबाईंचा पाटा, सगळं त्या ढिगात.

नदीवर माझा राग नाही. दोन वर्षांनी, जुलै 2021 ला ती परत आली तेव्हाही तिला शिव्या घालाव्यात असं वाटलं नाही. राग आहे तो एका कागदावर.

शाळेत असतानाच भाऊजींनी एक कागद आणला. म्हणाले, "वैनी, दहा हजाराच्या तातडीच्या मदतीचा आहे, सही करा." कागद कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेली. कन्नड मला बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी बोट फिरवत सगळा कागद मराठीत वाचून दाखवला. नाव, गाव, दहा हजार रुपये. मी सही केली. त्यांच्या मानेवरचे वळ तेव्हा अजून गेले नव्हते.

तो कागद संमतीपत्र होता. संपूर्ण घर त्यांच्या ताब्यात आहे आणि माझी हरकत नाही, असं. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख, बांधकाम होईल तसे हप्त्यानं, ते त्यांच्या नावावर आले. पुढच्या वर्षी पाया खणला तेव्हा मला कळलं. तोवर आत्याबाई गेल्या होत्या. मार्गशीर्षात गेल्या, भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत. शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी विचारायच्या, "कवा जायचं घराकडं?"

आता मूळ गोष्ट. मागच्या दिवाळीनंतर भाऊजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातनं एकच शब्द येतो: "बरं." तहान लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, रागावले तरी बरं. गाव म्हणतं, "ज्या तोंडानं खोटं वाचलं, ते तोंडच देवानं काढून घेतलं. बरोबर झालं."

जाऊबाईंना भांगलणीला जावं लागतं. दुपारी तासभर बसाल का, असं त्यांनी विचारलं. मी बसते. का बसते ते माहीत नाही.

त्यांचा लकवा हे त्या खोट्याचं फळ असेल, तर आत्याबाईंचा शेवट कशाचं फळ होता? त्यांनी आयुष्यात कुणाचं एक पायलीभर धान्य बुडवलं नाही. आणि खरा माणूस कुठला, पाठीवर नेणारा की बोट फिरवणारा?

अजून एक आहे, ते लिहायला हात अडतोय. गेल्या आठवड्यात पेज भरवत होते. त्यांनी तोंड उघडलं. मी चमचा वाटीतच ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. ते तोंड उघडं ठेवून वाट बघत होते. शंभर मोजेपर्यंत मी बसले असेन. चुकून नाही, मुद्दाम. आणि मला बरं वाटलं.

तेव्हापासून झोप नाही. मी त्यांना दुष्ट म्हणत होते. त्या शंभर आकड्यांत मी कोण होते?

---

माउलीचा वारकरी (चिकोडी)

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण गाव म्हणतं ते मला खोटं वाटत नाही. माझ्या धाकट्या भावाला दारू प्यालेल्या जीपवाल्यानं उडवलं. साक्षीदार फिरले, तो सुटला. आज तो माझ्या समोरून जातो. वर कुठं तरी हिशेब लिहिला जातोय हे मी मानलं नाही, तर मला उद्या सकाळी उठून गोठ्यात जाता येणार नाही. तुमच्या दिराला मिळालं ते मिळालं. तुम्ही त्यांची सेवा करता हे तुमचं पुण्य. चमच्याचं मनाला लावून घेऊ नका.

---

जुने मास्तर (खानापूर)

ताई, तुमचा पहिला प्रश्न फार जुना आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात 34 वं सूत्र आहे: "वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्". वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या दुःख येतं, मग देव पक्षपाती आणि निर्दय नाही का, असा आक्षेप आहे. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला दिला. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळं. देव पावसासारखा, बीज ज्याच्या त्याच्या कर्माचं.

मलप्रभा आमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिथला पाऊस मी नोकरीत अनेक वर्षं पाहिला, त्यामुळं हा दाखला मला फार आवडायचा. भजनी मंडळात मी तो रंगवून सांगायचो. मग माझा थोरला मुलगा गेला. कावीळ, वय 19. तेराव्याला एक नातलग शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मागच्या जन्मीचं काही देणं असतं." माझंच वाक्य मला परत मिळालं. मी उठून मागच्या दारी गेलो आणि रांजणाला टेकून उभा राहिलो. त्या दिवसापासून तो दाखला मी कुणाला दिलेला नाही.

नंतर पुष्कळ विचार केला. ते सूत्र देवावरचा आरोप काढण्यासाठी रचलेलं आहे. आपण ते उचलतो आणि शेजारच्या माणसावर आरोप ठेवायला वापरतो. सूत्रकारांचं काम वेगळं होतं, तेराव्याला आलेल्या पाहुण्याचं वेगळं. चोखोबा मंगळवेढ्याला वेशीच्या बांधकामात कोसळलेल्या भिंतीखाली गेले असं परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीत महाद्वारासमोर ठेवल्या. त्या भिंतीखाली चोखोबांचं कुठलं पाप होतं, असं सातशे वर्षांत कुणा वारकऱ्यानं विचारलेलं मी ऐकलं नाही. भिंत बांधायला वेठीला कुणी जुंपलं, हे मात्र विचारण्यासारखं आहे.

वारकरीदादा, तुमच्या भावाचं वाचून मन गलबललं. तुम्हाला न्याय मिळाला नाही, तो मिळायला हवा होता. तुमचा आधार मी काढून घेत नाही. एवढंच म्हणतो, तुम्ही जो वरचा हिशेब धरून जगता तो उद्याचा आहे, अजून व्हायचा आहे. गाव जे करतंय ते म्हणजे आजारी माणसाच्या खाटेकडं बोट दाखवून हिशेब झाला असं जाहीर करणं. मग ज्याला काहीच आजार नाही तो तुमचा जीपवाला निर्दोष ठरेल.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर म्हणून एकच शब्द आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ला, म्हणजे 1290 साली पुरी झाली. शेवटचं मागणं शाळेत आपण सगळ्यांनी म्हटलंय, पण त्यातल्या "जे खळांची व्यंकटी सांडो" पाशी आपण थांबत नाही. खळांचा नाश होवो असं नाही मागितलं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. तो सांडो, गळून पडो. जे गळून पडू शकतं ते माणसाला चिकटलेलं असतं, म्हणजे माणूस त्याच्याहून वेगळा काही उरतो, असं त्यांनी धरलं. पाठीवर नेणारा खरा की कागदावर बोट फिरवणारा, असं विचारू नका. दोन्ही तेच. एक त्यांचा सरळपणा, एक वाकडेपणा.

आणि त्या घेवड्याचं पुढं काय झालं? सांगाल का?

---

वेदगंगाकाठ

मास्तर, तुमच्या मुलाचं वाचलं. काय लिहू.

घेवडा उगवला. शाळेच्या व्हरांड्याच्या खांबाला मी सुतळी बांधून दिली, वेल कमरेएवढा वर गेला. मग शाळा भरायची म्हणून आम्हाला निघायला सांगितलं. फुलं यायला अजून वेळ होता. टब न्यावा म्हटलं तर वेल सुतळीला धरलेला, तुटला असता. मी हळहळत होते. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे की गं. पोरं खातील, न्हाईतर चिमण्या खातील. कोण तरी खाईल." मागं वळूनही बघितलं नाही त्यांनी. घराकडं कधी जायचं म्हणून रडणारी बाई आणि ही बाई एकच, हेही मला अजून जुळवता येत नाही.

---

रात्रपाळी (बेळगाव)

ताई, मी नर्स आहे. बहुतेक वर्षं रात्रपाळीच केली, आणि त्यातही लकव्याचे पेशंट जास्त. आधी कामाचं सांगते, कारण ते आज रात्रीच उपयोगी पडेल.

उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलं, म्हणजे मार मेंदूच्या डाव्या बाजूला आहे. अशा पेशंटला एखादाच शब्द उरतो आणि तोच सगळीकडं येतो, हे आम्ही नेहमी बघतो. कुणाचा देवाचं नाव असतो, कुणाची शिवी, तुमच्या दिराचा "बरं". शब्द त्यांनी निवडलेला नाही. त्यांना आपलं बोलणं पुष्कळ कळत असण्याची शक्यता आहे, म्हणून खाटेजवळ उभं राहून "देवानं बघितलं" म्हणणाऱ्या गावकऱ्यांना बाहेर काढा. भरवताना पूर्ण बसतं करा, हनुवटी किंचित खाली, घास डाव्या गालाच्या बाजूनं द्या. पाण्यासारखं पातळ दिलं की श्वासनलिकेत जातं, पेज घट्टसर ठेवा. भरवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर कंबरेला जखम होते आणि ती जखम मग माणसाला खाते.

आणखी एक. ते रडत असतील तर लगेच पश्चात्ताप समजू नका. या आजारात रडणं-हसणं आवरत नाही, नळ गळतो तसं गळतं. कदाचित पश्चात्तापही असेल. पण तुम्ही त्या रडण्यावर काही बांधायला जाल आणि उद्या ते तसेच हसतील, तेव्हा तुम्ही कोसळाल.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी चर्चला जाणारी, माझं माहेर खानापूरकडचंच. लहानपणापासून ईयोबाची गोष्ट ऐकत आलेय. सज्जन माणूस, एका दिवसात मुलंबाळं, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. त्याचं दुःख बघून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं आणि समजावायला लागले की तू काही तरी पाप केलंच असशील. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि सांगतो की माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोब तर अख्ख्या पुस्तकात देवाशी भांडलेला असतो! मला वॉर्डात काम करायला लागल्यावर हे कळलं. सात दिवस त्या मित्रांचं बरोबर चाललं होतं.

चमच्याविषयी. वारकरीदादा म्हणतात मनाला लावून घेऊ नका. मी म्हणते, लावून घ्या. पहाटे चारला मीही बेल ऐकून न ऐकल्यासारखं केलंय. एक म्हातारे होते, सगळ्यांना घाण शिव्या द्यायचे, माझ्या जातीधर्मावरूनही. त्यांची बेल वाजली आणि मी रजिस्टर लिहीत बसले. दहा मिनिटं. त्यांना फक्त चादर हवी होती, थंडी वाजत होती. ते दहा मिनिटं माझ्यातनं गेलेली नाहीत आणि जाऊ नयेत असं मला वाटतं. सैतान म्हणून शिंगांचं काही येत नाही हो. हातात कुणाचा तरी जीव असतो, बघणारं कुणी नसतं, आणि आपल्याकडं रागाचं कारण असतं. तेवढं पुरतं. तुमच्या दिरापाशीही त्या शाळेत नेमकं तेवढंच असणार, फक्त रागाच्या जागी पैसा.

रात्री नातेवाईक कॉरिडॉरमध्ये धरून विचारतात, "सिस्टर, आशा आहे का?" पूर्वी मी "देव आहे ना" म्हणायचे. आता म्हणते, आज चार चमचे ठसका न लागता गेले. लोकांना तेच हवं असतं. खोटं नको असतं.

---

टायपिंगवाला (अथणी)

मी मराठी-कन्नड दोन्ही घरात बोलत वाढलो. एका सरकारी कार्यालयासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवतो. ताई, तुमचा प्रश्न वाचून दुकान बंद करून तासभर नुसता बसलो, कारण असली संमतीपत्रं मी टाइप केलेली आहेत. 2019 ला कृष्णा आमच्याही तालुक्यात शिरली होती. त्यानंतर महिनाभर दुकानासमोर रांग होती. एका पानाचे तीस रुपये. मजकूर ठरलेला, फक्त नावं बदलायची. सही करणारी बाई कधी समोर नसायची, कागद न्यायला घरातला पुरुष यायचा. तिला हे वाचून दाखवणार का, आणि काय म्हणून वाचून दाखवणार, हे मी एकदाही विचारलं नाही. माझ्या मनात वाईट काहीच नव्हतं. काहीच नव्हतं, हेच आता डोक्यात फिरतंय.

मास्तर आणि सिस्टर, तुमचं सगळं पटलं, तरी माझं एक भांडण आहे. तुम्ही दोघांनी ताईंच्या मनाचं बघितलं, पैशाचं कुणी काढलंच नाही. दिराला पेज भरवणं ही एक गोष्ट आणि घराचा वाटा मागणं ही दुसरी. क्षमा केली म्हणजे हिशेब सोडायचा, असं कुणी ठरवलं? गरिबाला आणि बाईला नेहमी तेच शिकवतात.

मास्तर, तुमच्या कणकुंबीची मलप्रभा जिथं कृष्णेला मिळते, त्या कूडलसंगमाशी बसवण्णांचं नाव जोडलेलं आहे. बाराव्या शतकातला माणूस. आमच्या अज्जी त्यांचं वचन म्हणायच्या, दया नाही तो धर्म कसला, दया हेच धर्माचं मूळ. पण त्याच बसवण्णांनी चोरू नको, मारू नको, खोटं बोलू नको हेही तेवढ्याच रोखठोकपणे सांगितलं. अज्जी दोन्ही एका दमात म्हणायच्या. अर्धंच घेतलं तर चालणार नाही.

ताई, करायचं असं. त्या संमतीपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाची फी दहा रुपये. 1987 च्या कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. आणि प्रत हातात आली की मला फोन करा. नंबर खासगी निरोपात पाठवलाय. मी शब्दन् शब्द वाचून दाखवीन. त्याचे पैसे घेणार नाही. आता दुकानात सही करायला आणलेला प्रत्येक कागद मी आधी मोठ्यानं वाचतो, मराठीत आणि कन्नडमध्ये. काही गिऱ्हाईकं त्यामुळं शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

---

माउलीचा वारकरी (चिकोडी)

मास्तर, तुमचं "मग जीपवाला निर्दोष ठरेल" हे दोन दिवस डोक्यात आहे. मी तसा विचार केला नव्हता. त्याला अजून काही झालं नाही म्हणून मी रोज वाट बघतो, आणि तो खोकला तरी मला बरं वाटतं. हे चांगलं नाही, हे मला माहीत आहे. सोडता येत नाही. ताई, तुम्ही चमच्याचं लिहिलंत म्हणून मी हे लिहू शकलो.

---

वेदगंगाकाठ

पंधरा दिवस झाले, म्हणून लिहितेय.

सिस्टरांनी सांगितलं तसं बसतं करून भरवायला लागले. पाठीमागं दोन उशा आणि गोधडीची गुंडाळी. ठसका जवळजवळ बंद झाला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "भाऊजी, त्या दिवशी मी चमचा मुद्दाम थांबवला होता." ते माझ्याकडं बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. कुठल्या अर्थानं ते मला कळलं नाही आणि मी लावायलाही गेले नाही.

प्रत मागायचा अर्ज मी लिहीत होते तेवढ्यात जाऊबाई आल्या. मी लपवलं नाही, काय आहे ते सांगितलं. वाटलं भांडतील. त्या बराच वेळ चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग घरात जाऊन ट्रंकेतनं प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या, घराच्या सगळ्या कागदांची. त्यात त्याची झेरॉक्स होती. म्हणाल्या, "मला तरी कुठं वाचाय येतंय. त्यांनी मला सांगितलं वैनींनी आपणहून लिहून दिलंय. मी तुमच्या नावानं देवाला नारळ फोडला होता, एवढी चांगली जाऊ मिळाली म्हणून."

टायपिंगवाल्या दादांना फोन लावला. मी म्हटलं बाहेर ओट्यावर बसून ऐकू. जाऊबाई म्हणाल्या, नको, त्यांच्यासमोर ऐकायचं. खाटेजवळ स्टुलावर फोन ठेवला, स्पीकर लावला. दादांनी आधी कन्नड वाचलं, मग मराठी. सावकाश. माझं नाव आलं, आत्याबाईंचं नाव आलं, चतुःसीमा आली. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला परडं. "माझी कोणतीही हरकत नाही" हे वाक्य आलं. बारा मिनिटं लागली. त्या दिवशी शाळेत भाऊजींना मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

भाऊजी डोळे मिटून होते. डाव्या हाताचं बोट चादरीवर हलत होतं, ओळीवर फिरवल्यासारखं. कदाचित मलाच तसं वाटलं असेल. वाचून झालं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. सिस्टर, तुमचं लक्षात होतं मला.

जाऊबाईंनी फोन उचलून विचारलं, "दादा, मी वैनीसंगं वकिलाकडं गेले तर चालंल का?" दादा म्हणाले, "चालंल की."

गुरुवारी बेळगावला जायचंय, निपाणीहून सकाळची बस. त्या दिवशी दुपारी भाऊजींजवळ कोण बसणार हे अजून ठरलेलं नाही. मुलाला सांगून बघितलं, तो आधी नाही म्हणाला. मग रात्री जेवताना त्यानं विचारलं, पेज किती घट्ट लागते.